अर्धं नांगरलेलं रान

नांगर धरायला सत्तरी उलटलेला म्हातारा आणि बैलांपुढं चालायला बाईमाणूस. एंगोंगो गावात यंदा नदीकाठच्या रानात जोतं उतरलं ते असं. एकेकाळी या रानात पेरणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा जोती एकदम चालायची, आसुडांचे आवाज टेकाडापर्यंत यायचे. आता एकच जोतं, तेही दोन घरांचे बैल गोळा करून जमवलेलं.

नोसाखेले पुढच्या जोडीची वादी धरून चालली होती. काळी चिकट माती पायाला धरत होती, एकेक पाय उपसून टाकावा लागत होता.

"माबेले, वादी ढिली सोड!" मागून नांगर धरलेला म्हातारा जोंगिलांगा ओरडला. "बांटोमला वाट ठाव हाय. तू त्याला वढू नको."

"मी कुठं वढती? त्योच मला ढकलतोय!"

माबेले हे तिच्या माहेरच्या कुळाचं नाव. इथं सासरी तीस वर्षं काढली तरी बाईला हाक मारायची ती माहेरच्या कुळाच्या नावानंच. आणि तीस वर्षं काढली तरी सुनेनं गुरांच्या वाडग्यासमोरून जायचं नाही, मागून वळसा घालून जायचं. बैलाला हात लावायची तर गोष्टच सोडा. नोसाखेलेच्या सासूनं उभ्या जन्मात बैलाला स्पर्श केला नव्हता. पण पोरं केप टाउनला गेली, जी गेली नाहीत ती शाळेत बसली, आणि बैलांपुढं चालायला माणूस मिळेना. तेव्हा जोंगिलांगानंच एक दिवस वादी तिच्या हातात दिली होती. "माणसं न्हाईत म्हणून बैलांनी काय लाजून घरात बसायचं?" म्हणाला होता. गावानं तोंड वाकडं केलं आणि गप्प बसलं.

पुढची जोडी जोंगिलांगाची. बांटोम काळा, पोटाभोवती पांढरा पट्टा. त्याच्या जोडीला फालमान. मागची जोडी नोसाखेलेच्या नवऱ्याची, एक तांबडा आणि एक मुंडा. या मातीत चार बैल हवेतच. मागं एकदा दोघांवर प्रयत्न करून पाहिला होता तर फाळ हातभर गेला आणि बैलांनी गुडघे टेकले. शिवाय फालमान बांटोमशिवाय पाऊल उचलत नाही, आणि मागचे दोघं पुढच्यांशिवाय. सगळं जोतं बांटोमच्या मानेवर चालायचं म्हणा ना.

तिचा नवरा वेलिले बांधावर उपड्या डब्यावर बसला होता. खाणीतल्या धुळीनं त्याची छाती खाल्ली होती. बियाणं वाटून देणं आणि ओरडणं एवढंच त्याच्याकडून व्हायचं, आणि ओरडलं की खोकला यायचा.

"तास वाकडं चाललंय!" तो ओरडला आणि खोकत सुटला.

"तू बस की गप," जोंगिलांगा म्हणाला. "मक्याला काय ठाव तास वाकडं का सरळ?"

तिघंही हसली. वाफसा नामी होता. ओल हाताला लागत होती, मातीचा वास येत होता, आणि एकेक तास झालं की नोसाखेलेनं मागं येऊन टाकलेलं बी तासात पिवळं दिसत होतं. हे रान तिला सासूनं दिलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी हातात कुदळ देऊन सासूनं तिला इथं आणलं आणि म्हणाली होती, "आमच्याकडं तुला द्यायला हेच हाय." घरामागच्या परसातल्या मक्यावर दोन-अडीच महिने निघतात. पुढं सगळं गाव पेन्शनच्या दिवशी दुकानातून पिठाच्या पिशव्या डोक्यावरून आणतं. नोसाखेलेच्या डोक्यावर ती पिशवी कुणी पाहिली नव्हती. तिचा जीव त्या रानातच होता, आणि गावाला ते ठाऊक होतं.

दुपारी आंबील पिताना वेलिलेनं मुखियाचा विषय काढलाच.

"काल परत म्हणाला. ह्या साली रान नांगरून पेरलं आन् कुंपण धड राह्यलं तर कापणीपस्तोर गुरं आवरायला सांगतो. न्हाईतर रानाचं फाटक गुरांना कायमचं उघडं."

"एकट्या घरासाठी सारं गाव गुरं किती दिस आवरणार?" जोंगिलांगा म्हणाला. "त्येचं बी खोटं न्हाई. शेजारी सोडतो म्हणून आपण सोडायचं, आपण सोडलं म्हणून पुढचा सोडतो. माझ्याच भावानं, मात्शायानं, पयलं सोडलं. त्याचं रान पडीक पडलं, तिथून डुकरं माझ्यात घुसली. मी बी दमलो. हे तुझं रान शेवटचं."

"ट्रॅक्टरवाला काय म्हणाला?" नोसाखेलेनं विचारलं.

"त्यो म्हणतो, आठ रानं गोळा करा, मग नदीपस्तोर उतरतो. एकासाठी न्हाई. आठ कुठून आणायची?"

म्हाताऱ्यानं आंबिलीचं भांडं पुसलं, कुंपणाकडं पाहिलं. हिवाळाभर नोसाखेलेनं काटेरी झाडांच्या फांद्या तोडून, दोरानं ओढत आणून हे कुंपण घातलं होतं. तिच्या तळहातांवर अजून काट्यांचे काळे ठिपके होते.

"कुंपण झकास घातलंस माबेले," तो म्हणाला. "माझी म्हातारी असं घालती तर मी रान सोडलं नसतं."

संध्याकाळी अर्धं रान झालं. म्हातारा नांगराच्या इसाडावर बसला आणि बराच वेळ उठेना.

"उद्या सकाळी उरलेलं," म्हणाला. "आज पायांत जीव न्हाई."

सकाळी नदीपलीकडच्या त्याच्या घरातून बाईचं ओरडणं ऐकू आलं. नोसाखेले चुलीपुढं होती. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मढं शहरातल्या शवागारात नेलं. मोठा मुलगा लुखान्यो केप टाउनहून यायचा होता. पाहुणे लांबून येणार, तंबू यायचा, म्हणून माती पुढच्याच्या पुढच्या शनिवारी ठरली. आणि माणूस मातीत जाईपर्यंत गावात कुणी मातीत कुदळ घालायची नाही. हा रिवाज कुणी मोडलेला नोसाखेलेला आठवत नव्हता. तिच्या डोक्यात म्हाताऱ्याच्या आधी वाफसा आला, आणि असं मनात आल्याची तिला लाज वाटली. पण आला तो आला.

ती समाचाराला गेली. विधवा माद्लोमो रिवाजाप्रमाणं दारामागं जमिनीवर गादी टाकून, घोंगडी डोक्यावरून घेऊन बसली होती. दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलेल्या. आधी दोघी पोटभर रडल्या. मग नोसाखेले तिच्या कानाशी वाकली.

"माद्लोमो, विचारू नये ते विचारती. त्येच्याबरोबर कुठला बैल जायचा?"

घरच्या धन्याबरोबर एक बैल जातोच, मातीच्या आदल्या दिवशी तो कापतात. बैल पुढं चालतो, धनी मागून पूर्वजांकडं जातो.

माद्लोमोनं तिचा हात धरला. "म्या लुखान्योला फोनवर सांगितलंय. बैल इकत आणतोय त्यो. बांटोम ऱ्हातोय. तुझं अर्धं रान टाकून गेला म्हणून म्हाताऱ्याचा जीव तिथंच घुटमळंल. माती झाली की दुसऱ्या दिवशी जुंपा."

नांगर आता आपण धरायचा, वाट बांटोमला ठाव हाय, असं नोसाखेलेनं ठरवलं. घरी येऊन तिनं वेलिलेला सांगितलं तेव्हा तो किती दिवसांनी नीट हसला.

पण ऊन निघालं. रोज सकाळी ती बांधावर उभी राहून पाहायची. नांगरलेल्या मातीवर पापुद्रा धरत होता. न नांगरलेल्या अर्ध्यात तण वर येत होतं. ती हात बांधून उभी राहायची आणि परत यायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

एका पहाटे उजाडायच्या बेताला तिला डुकरांचा आवाज आला. झगा खोचला, हाताला लागलं ते घेतलं आणि धावली. हाताला लागली कुदळ. मात्शायाच्या पडीक रानातून पाच-सहा डुकरं कुंपणाखालून घुसली होती आणि पेरलेली तासं नाकाडानं उकरत होती. तिनं ओरडून, ढेकळं मारून ती हाकलली. मग वळून पाहिलं तर तासातासाला बी उघडं पडलेलं. मोड आलेलं बी, पांढरी मुळी फुटलेलं. ऊन वर आलं की दुपारपर्यंत सुकून जाणार.

काय करायचं माणसानं? ती वाकली. आधी हातानं माती सारली. हातानं किती होणार? मग कुदळीनं थोडी थोडी माती ओढून बी झाकत गेली. हे काही खणणं नव्हतं, तिनं स्वतःला सांगितलं. अंगावर पांघरूण घालतात तसं घालतेय नुसतं. तासाच्या टोकाला पोचून पाठ सरळ केली तर नदीच्या वाटेवर गावातली माजोला डोक्यावर पाण्याची बादली घेऊन उभी.

"माबेले?" माजोला म्हणाली. "अगं, काय करतीस?"

"डुकरं हाकलती."

माजोलानं कुदळीकडं पाहिलं. बादली सावरून चालू लागली. ती बोलली असती तर नोसाखेलेला बरं वाटलं असतं.

गुरुवारी लुखान्यो गाडी घेऊन आला. मागच्या ट्रॉलीत विकत आणलेला बैल होता, चांगला मोठा. नोसाखेलेनं लांबून पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी पुरुषांना मयताच्या घरच्या गुरांच्या वाडग्यात बोलावणं आलं. वेलिलेही गेला. बायकांना तिथं जागा नाही. नोसाखेले भांडी घासायच्या निमित्तानं तिथल्या झोपडीच्या मागं बसली. तिथून वाडग्यातलं बोलणं ऐकू येतं, हे गावातल्या सगळ्या सुनांना माहीत होतं.

मात्शायाचा आवाज चढलेला होता. मेलेल्याचा धाकटा भाऊ, आता घरात वडीलधारा तोच.

"वेलिले, तुझ्या बायकोच्या हातात कुदळ होती का न्हवती?"

"होती. पर ती बी झाकत होती. डुकरांनी—"

"डुकरांचं विचारलं न्हाई. कुदळ मातीत गेली का न्हाई?"

वेलिले खोकू लागला. खोकला लांबला.

"माझ्या भावाच्या आधी त्याच्या गावच्या मातीत कुदळ गेली," मात्शाया म्हणाला. "त्यो तिथं बर्फात पडलाय, आन् हितं लोकांनी कामं सुरू केली. कुणाला त्याची पडली न्हाई असं झालं. आता इकतचा बैल त्येच्या म्होरं कसा चालंल? त्यो बैल म्हाताऱ्याला वळखतो का? आता त्येचा स्वतःचाच बैल गेला पायजे. बांटोम."

"काका, मी आणलाय ना बैल," लुखान्यो म्हणाला. "आईनं तसं कबूल केलंय त्यांना."

"तुझा बैल पाव्हण्यांच्या जेवणाला व्हईल. बाईनं कबूल केलेलं वाडग्यात चालत न्हाई."

लुखान्योनं सुस्कारा टाकला. "तुम्हाला जे रीतीचं वाटेल ते करा. सोमवारी मला ड्यूटीवर हजर व्हायचंय. आईला मी बरोबर नेतोय. उरलेला फालमान तुम्हीच सांभाळा."

"कुणाला काय म्हणायचंय?" मात्शायानं विचारलं.

आत पुरुष दहा-बारा होते. नोसाखेलेनं हातातलं भांडं घट्ट धरलं. एक माणूस बोलला असता तरी पुरे होतं, आणि तो माणूस तिच्याच घरात जेवत होता. वेलिलेचा आवाज आला, बारीक, पण ऐकू आला.

"माझं काय म्हणणं न्हाई. रीत हाय ती हाय."

घरी ती त्याच्यावर तुटून पडली.

"तोंड शिवलं व्हतं का तुझं? काय म्हणणं न्हाई? एक साल द्या म्हणायचं! जोतकरी हाय मी त्येचा, म्हणायचं!"

"कुणाच्या तोंडानं म्हणू?" वेलिले पलंगाच्या कडेला बसला होता. "बैल त्येचा, मेलाय त्यो, आन् रीत मोडली कुणी? म्या?"

"बी सुकत व्हतं!"

"ठाव हाय मला." त्याला धाप लागली. "पयल्यांदा त्येनं विचारलं तवाच मला ठाव झालं का गेलं रान. मात्शायानं दहा सालामागं रान सोडलं. तवापस्तून आपलं रान त्येच्या डोळ्यात सलतं. आज त्येला रीत सापडली."

"आन् तू हो म्हणालास."

"हो म्हणालो. न्हाई म्हणून काय झालं असतं? मी मेल्यावर माझं मढं उचलायला हेच येनार हायत."

ती बाहेर जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. नवऱ्याचा, मात्शायाचा, त्या डुकरांचा. आणि सगळ्यांत जास्त राग त्या कुदळीचा, की त्या पहाटे दुसरं काहीच हाताला कसं लागलं नाही.

शुक्रवारी प्रत्येक घरच्या बाईनं मयताच्या घरी जळण टाकायचं. तेवढ्या लोकांचं रांधायचं तर जळणाचा डोंगर लागतो. टेकाडं कधीच उघडी झालेली, धडाचं जळण आणायचं तर पलीकडच्या खोऱ्यात उतरावं लागतं, अर्धा दिवस जातो. नोसाखेले दोर घेऊन निघाली. निघायला उशीर झाला होता, पाय उचलत नव्हते. नदीच्या वाटेला लागली आणि थबकली.

तिच्या रानाच्या कुंपणात बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. चार-पाच बायका काटे चुकवत फांद्या उपसत होत्या. माजोला वाकून भारा बांधत होती.

"अगं ए! सोडा ते! कुणाच्या परवानगीनं हात लावला?" नोसाखेले धावत आली. तिनं एकीच्या हातातली फांदी हिसकावली. काटा तळव्यात गेला.

बायका ओशाळल्या. मागं सरल्या. माजोला मात्र उभी राहिली.

"वरडू नको माबेले. परवानगी कुणाची घ्यायची? बांटोम आज कापतायत. तू आता कशानं नांगरणार? फाटक उघडं म्हणून मुखियानं सकाळीच सांगितलं."

"तू सांगितलंस त्यांना! कुदळीचं!"

माजोलानं मान खाली घातली. "पाण्यावर बोलले गं. मनात वाईट न्हवतं. मला काय ठाव, मात्शायाच्या कानावर जाईल." मग गुडघा चोळत म्हणाली, "माझा बी गुडघा दुखतो. पलीकडच्या खोऱ्यात आता न्हाई उतरवत. आन् हे जळण काय माझ्या चुलीला न्हेती? तुझ्याच म्हाताऱ्याच्या मयताला चाललंय. न्हाई म्हणायचं तर म्हण. आम्ही ठेवतो हितंच."

बायका तिच्या तोंडाकडं पाहत उभ्या होत्या. नाही म्हण म्हणे! मयताच्या जळणाला नाही म्हणणारी बाई या गावात अजून जन्मायची होती. कुदळीचं अजून निस्तरायचं होतं, त्यावर हेही घातलं असतं तर तिला पाण्यावर कुणी शेजारी उभं केलं नसतं.

"न्या," ती म्हणाली.

त्या भारे उचलून गेल्या. जाताना माजोलानं तिच्या खांद्याला हात लावला. नोसाखेलेनं तो झटकला नाही. भगदाडातून मात्शायाच्या दोन गाई आत आल्या होत्या. तासात मका बोटभर वर आला होता, तिनं झाकलेल्या तासातला सगळ्यांत चांगला. गाई तोच खात होत्या. तिनं ढेकूळ उचललं. मग हाकलून किती वेळ हाकलणार, असं मनात येऊन खाली टाकलं.

ती बांधावर बसली. तळव्यातला काटा दातांनी काढला. सूर्य कलत होता, आणि मयताच्या घरी तिचा भारा अजून गेला नव्हता. पलीकडच्या खोऱ्यात जाऊन यायला आता वेळ नव्हता.

मग ती उठली. फाटकापाशी तिनं सगळ्यांत मोठी फांदी लावली होती. सबंध झाडच ते, शेरडंसुद्धा आत शिरू नयेत म्हणून हिवाळ्यात दोन दिवस खपून ओढत आणलेलं. तिनं ते बुडाला धरून उपसलं. कुऱ्हाड नव्हती, पायानं दाबून मोडलं. फांद्या चांगल्या वाळल्या होत्या, कडाकडा मोडत होत्या. बांधलं, गुडघा देऊन डोक्यावर घेतलं.

नदी ओलांडून ती चढाला लागली तेव्हा वाडग्यातून बांटोमचं हंबरणं आलं. लांब, मोठ्यानं हंबरला. लगेच पुरुषांचा जल्लोष उठला. भाला लागल्यावर बैल हंबरला म्हणजे पूर्वजांनी तो घेतला, म्हाताऱ्याची वाट मोकळी झाली. विकतचा बैल इतकं कधी हंबरत नाही, असं कुणीतरी ओरडून म्हणालं. नोसाखेले भाऱ्याखाली तशीच उभी राहिली. तिला म्हातारा दिसला, इसाडावर बसलेला, उद्या सकाळी म्हणणारा. डोळ्यांतून पाणी आलं तर पुसायला हात मोकळा नव्हता.

वाडग्यासमोरून सरळ वाट होती. तिनं सवयीनं मागून वळसा घातला.

चुलाणावर लुखान्योची बायको होती. शहरातली पोर, पायांत बूट, धुरानं डोळे चोळत होती. नोसाखेलेनं तिच्यापुढं भारा टाकला. पोरीनं एक काटकी मोडून पाहिली, चुलाणात सारली. काटकी लगेच पेटली.

"अगदी कोरडं आहे हो, मावशी! इतकं छान जळण कुठून आणलंत?"

"घरचंच हाय," नोसाखेले म्हणाली.

तिनं दोर सोडवून घेतला, झटकला, हातावर गुंडाळला.

"आणखी बरंच निघंल. अंधार पडायच्या आत आणती."